चटईखालचा पाळक

फुआतिनोने पहिला पडदा सोडला. झावळ्यांची विणलेली पट्टी खडखडत खाली आली तशी अंगणात बसलेल्यांपैकी दोघातिघांनी माना वर केल्या. तिने दुसरा सोडला, मग तिसरा. समुद्राकडची बाजू मिटली, मग रस्त्याकडची. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. दार लावून घ्यायचं म्हटलं तर एवढे पडदेच. शेवटचा सोडून झाल्यावर ती किसणीच्या पाटावर बसली आणि नारळ किसायला लागली.  

बाहेर, तिच्या भावाच्या थडग्यापलीकडे, दवाने भिजलेल्या गवतावर पाळक नेमिया गुडघे टेकून वाकला होता. डोक्यावरून रेशमासारखी मऊ, बारीक विणीची जुनी चटई पांघरलेली. बाहेर दिसत होते ते फक्त तळपाय. त्याच्यामागे त्याच्या घराण्याचे मताई, म्हणजे कर्ते पुरुष, उघड्या अंगाने बसले होते. आदल्या दिवशीच्या बोटीने ते उपोलू बेटाहून आले होते. त्यांच्यामागे पाळकाची बायको रूटा, आणि सगळ्यांत शेवटी, मान गुडघ्यांत खुपसून, त्याचा मुलगा लेमुएलू. एका माणसाला धडकलेली गाडी हाच चालवत होता.

रिवाज जुना होता, चर्चहूनही जुना. कुणाचं रक्त सांडलं की सांडणाऱ्याच्या घराण्याने उजाडण्याआधी त्या घरापुढे येऊन बसायचं. एकाने मढ्यासारखी चटई पांघरायची आणि वाट बघायची. घरच्यांनी चटई उचलली तर मिटलं. नाही उचलली तर ऊन होतं, दगड होते, कोयते होते.

पण पाळकाने स्वतः चटई पांघरलेली सवाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर कुणी पाहिली नव्हती. पाळकापुढे गाव वाकतं. पाळक वाकत नाही. मताईंनी त्याला परोपरीने सांगितलं होतं, तुम्ही घरी थांबा, आम्ही बसतो. त्याने ऐकलं नाही.

फुआतिनोने वाटी फिरवली. खोबरं परातीत पडत राहिलं.

सेफानाया तिचा धाकटा भाऊ. चर्चमधल्या गायकांचा मास्तर. त्याने हात वर केला की रात्रभर मासे मारून आलेल्या घोगऱ्या गळ्यांतूनही मध पाझरायचा. तो मारेको नावाच्या माणसाबरोबर राहतो हे गावाला बरीच वर्षं माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. गावात बायकांसारखे राहणारे पुरुष होते. कानामागे फूल खोवून ते चर्चची सजावट करायचे, पोरींना नेटबॉल शिकवायचे; त्यांची थट्टा व्हायची, आणि त्यांच्यावाचून एकही लग्न पार पडायचं नाही. त्यांना नाव होतं, पंगतीत जागा होती. सेफानाया मात्र मिशी राखून, झाडावर चढून, होडी ओढून, चारचौघांसारखा गडी राहून एका गड्यावर जीव लावून बसला होता. त्याच्यासाठी गावाकडे नाव नव्हतं. ते नेमियाने दिलं, एका रविवारी, व्यासपीठावरून, शास्त्र उघडून. सेफानाया तेव्हा गायकांसमोर उभा होता, पुढचं गीत सुरू करायला हात उचललेला. तो हात त्याने हळूच खाली घेतला, एवढंच फुआतिनोला आठवतं. दुसऱ्या दिवशी गावसभा बसली आणि दोघांना गाव सोडायला सांगितलं.

ते समुद्रापलीकडे आपिया शहरात गेले. तिथे साखरेने सेफानायाचा आधी पाय खाल्ला, मग मूत्रपिंडं. तो परत आला तो पेटीतून. पाळक घरातून बाहेर पडला नाही. चर्चची घंटा वाजली नाही. गायकांना निरोप गेला की जो कुणी गाईल त्याने पुढच्या रविवारी येऊ नये. मारेको पेटीबरोबर बोटीतून आला होता. त्याला सांगण्यात आलं, तू मयताचा कुणी नाहीस, कुंपणाबाहेर उभा राहा. तो रस्त्यापलीकडे नीरफणसाखाली उभा राहिला. थडग्याशी फुआतिनो एकटीच गायली. तिचा गळा कधीच सुरात नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्यांत चर्चला जाई आणि फुआतिनो काळ्यात. बसायची पहिल्या बाकावर, व्यासपीठाच्या बरोबर खाली, म्हणजे पाळकाने मान खाली घातली की ती दिसलीच पाहिजे. पाळकाचं जेवण पाठवायची पाळी घराघरांतून फिरायची. तिने आपली पाळी कधी चुकवली नाही. डुकराच्या पाठीचा भाग मानाचा, तो पाळकाचा. डोकं चुलीशी राबणाऱ्या पोरांचं. फुआतिनो डोकं पाठवायची. केळीच्या स्वच्छ पानात गुंडाळून, वर फूल ठेवून. रूटा परात परत करताना खाली बघून म्हणायची, "फार रुचकर होतं."

"पुढच्या वेळी आणखी मोठं बघते," फुआतिनो म्हणायची.

आणि संध्याकाळी, घरच्या प्रार्थनेत, ती देवाला आडपडदा न ठेवता सांगायची: त्यालाही एक दिवस कुणाच्या तरी दारात गुडघे टेकायला लाव. ते दार माझं असलं तर बरं.

देवाने ऐकलं होतं. मारेको दरवर्षी थडगं रंगवायला यायचा. यंदा तो रंगाचा डबा घेऊन रस्त्याच्या कडेने येत होता आणि पाण्याच्या टाकीपाशी, वळणावर, पाळकाच्या मुलाची गाडी मागून आली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, बरगड्या मोडल्या. जीव वाचला.

पडदा खालून हलला आणि म्हातारा वाईफाले वाकून आत आला. गावाच्या वतीने बोलणारा मताई तो. नात्याने तिचा चुलता. खांबाला टेकून तो बसला, धाप जाईपर्यंत थांबला.

"पोरी, ऊन थडग्यावर आलं."

"येऊ दे. थडग्याला सवय आहे."

"पाळकाचं वय बघ. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्याच्या."

"सेफाच्याही चालू होत्या, काका. तुम्ही केळं खाल का? सकाळपासून पोटात काही नसेल."

"गावाची लाज चाललीय! बोटीच्या धक्क्याची बस थांबलीय रस्त्यावर. उतारू उतरून बघतायत. पोरं झाडांवर चढलीत."

"मग तिकीट लावा. चर्चचं छप्पर गळतंय म्हणत होतात ना?"

म्हाताऱ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. तेवढ्यात पडद्याबाहेरून चर्चच्या कारभारातल्या डीकन पेनिएलीचा खर्जातला आवाज आला. त्याला आत यायचा धीर झाला नव्हता.

"फुआतिनोबाई, शास्त्रात क्षमा सांगितलीय. तुम्ही पहिल्या बाकावर बसणाऱ्या."

"शास्त्रात बरंच काय काय सांगितलंय, पेनिएली. डुक्कर खाऊ नये असंही सांगितलंय. रविवारी तुझ्या पानाशेजारी बसून वाचून दाखवू?"

रस्त्याकडून कुणीतरी मोठ्याने हसलं. पेनिएलीची पावलं लांब गेली.

फुआतिनोने रिकामी वाटी बाजूला टाकली, दुसरी घेतली. "काका, एक विचारून या. ते कुणासाठी बसलेत?"

"कुणासाठी म्हणजे? मारेकोसाठी."

"मारेको या घरातला कोण?"

वाईफालेने काठी जवळ ओढली.

"नाही, विचाराच. पेटी दारात होती तेव्हा सांगितलं होतं त्यांनीच, हा मयताचा कुणी नाही. मग आज त्याचा पाय मोडला तर माझ्या दारात कशाला? ज्याचा माणूस त्याच्या दारात जाऊन बसा म्हणावं. की आता कुणी झालाय तो? झाला असेल तर कोण ते सांगू दे. मोठ्याने. व्यासपीठावरून बोलतात तसं."

म्हातारा उठला. काठी टेकत बाहेर गेला. तिने किसणं थांबवलं नाही, पण हात हलका केला, ऐकू यावं म्हणून. वाईफालेचा हळू आवाज.  कोंबड्या आणि बसचं इंजिन. मग चटईखालून, जमिनीकडे तोंड असलेला, दबलेला आवाज आला.

"सेफानायाच्या मित्रासाठी."

"मित्राच्या पायासाठी कुणी मढ्याची चटई पांघरत नाही," ती आतून म्हणाली. ओरडली नाही. गरज नव्हती.

 कुणीतरी बसचं इंजिन बंद केलं. नेमिया खोकला, आणि मग चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाला,

"सेफानायाच्या जोडीदारासाठी."

त्या बोलीत नवऱ्याला आणि बायकोला एकच शब्द आहे. त्याने तोच वापरला होता. रस्त्यावरच्या बायकांत कुजबुज उठली. एका मुलीने विचारलं, "काय म्हणाला?" आणि तिला चापट बसल्याचा आवाज आला. पेनिएली आणि आणखी दोघे डीकन कुंपण ओलांडून चालते झाले; तिला पडद्याच्या फटीतून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठी दिसल्या.

हा शब्द या माणसाच्या तोंडून काढायचा, एवढ्यासाठी ती किती रात्री जागली होती. तो आता बाहेर गवतावर पडला होता, सगळ्यांनी ऐकला होता. तिने त्याची चव बघितली. गोड होता. पण पोट भरलं नव्हतं. सूर्य अजून माथ्यावर यायचा होता, आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना उन्हात काय होतं ते तिला ठाऊक होतं.

वाईफाले परत आला. "झालं? म्हणाला तो. आता ऊठ."

"बसू दे."

"पोरी."

"बसू दे म्हटलं ना. माझा भाऊ त्या दगडाखाली निजलाय, त्याला विचारा उन्हाचं काय वाटतं ते."

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली. आता तो गावाच्या वतीने बोलत नव्हता, चुलत्यासारखा बोलला. "हे बघ. त्याने सगळ्या गावासमोर सांगितलं, मारेको या घरचा. आता चटई उचलायची की नाही ते तुझ्या हातात. नाही उचललीस तर संध्याकाळी ते उठून जातील. आणि गाव काय म्हणेल? पाळक म्हणाला या घरचा. घराने मात्र त्याला आपला म्हटला नाही."

"मी तसं कुठे म्हणतेय?"

"मग काय म्हणतेस? तू त्याला काय म्हणतेस, फुआ?"

तिने तोंड उघडलं. आपियाचा माणूस, असं ती म्हणायची. तो रंगवायला येतो तो. वर्षातून एकदा आला की त्याचं अंथरूण मागे चुलीच्या खोपटात घालायचं, जेवण वेगळं वाढायचं, पाहुण्याला वाढतात तसं, भरपूर. तोही कधी पुढे आला नव्हता.

"मताई इस्पितळात गेले होते," वाईफाले म्हणाला. "मारेकोच्या गावी आधी जाऊन आले. तिथे त्यांनी सांगितलं, आमचा असा कुणी नाही. मग त्यालाच विचारलं, बाबा, चटई कुणाच्या दारात न्यायची? तो म्हणाला, फुआताईच्या दारात न्या. पण ती मला आपला म्हणेल की नाही, ठाऊक नाही."

नारळाची वाटी तिच्या हातातून सुटली, परातीच्या काठावर आपटली आणि चटईवर गोल फिरत राहिली. ती थांबेपर्यंत फुआतिनो तिच्याकडे बघत होती. नीरफणसाखाली तो उभा होता तो दिवस तिला दिसला. तिनेही तेव्हा एकदा तिकडे बघितलं होतं. नजरानजर झाली होती. हात करून बोलवता आलं असतं. कुंपण कमरेएवढं होतं.

तिने परात खांबाशी सरकवली. हात पुसले. पडदा वर न करता ती खालून वाकून बाहेर आली.

ऊन डोळ्यांवर आलं.  ती थडग्याला वळसा घालून गेली आणि पाळकापुढे उभी राहिली. चटईखाली पाठ हलत होती, धाप लागलेल्या जनावरासारखी. टाचेवर एक मुंगी चढत होती. फुआतिनो ती घोट्यापर्यंत जाईतो उभी राहिली. तेवढं तिने स्वतःसाठी ठेवलं.

मग तिने चटई उचलली.

नेमियाचा चेहरा लाल होता, ओला होता. गालावर विणीच्या रेघा उमटल्या होत्या. त्याने डोळे चोळले, पण तिच्याकडे बघितलं. लेमुएलू मागे हुंदके देत होता.

"मारेको माझ्या भावाचा जोडीदार," फुआतिनो म्हणाली. शब्द तोंडात नवा होता, तो तिने काळजीपूर्वक, कुठेही न मोडता उच्चारला. "या घरचा माणूस. त्याच्या पायाचं मिटलं. आत या, पाणी घ्या."

मताईंनी सुटकेचे निःश्वास टाकले. वाईफालेने लांबलचक भाषण सुरू केलं. रूटाने नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं, आणि तो तोल सावरत असताना फुआतिनो त्याच्या कानाशी झुकली. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, ती त्याला धीर देतेय.

"सेफाचं राहिलंय," ती म्हणाली. "त्याची चटई वेगळी."

नेमियाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

मारेको इस्पितळातून आला तेव्हा तिने त्याचं अंथरूण पुढच्या घरात घातलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. तो दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसायचा, टॅरोचे कंद सोलायचा आणि त्यांची सालं फार जाड काढायचा. ती त्याच्यावर ओरडायची. तोही आताशा उलट बोलायचा.

एका दुपारी वाईफाले बातमी घेऊन आला. पेनिएली आणि बाकीचे डीकन पाळकाकडे गेले होते. त्यांनी सांगितलं, गाडीचं आम्ही समजू शकतो, अपघात होता. त्या दिवशी तोंडून निघालेला शब्दही उन्हामुळे निघाला असं म्हणू. पण तुमच्या मनात काय चाललंय ते रूटाबाईंकडून कळलं. सेफानायावर शास्त्र वाचल्याची माफी मागितलीत तर घर रिकामं करा. आम्ही वर कळवू.

"मग?" फुआतिनोने विचारलं.

"मग काय! म्हातारपणी कुठे जाईल तो? नाही येणार."

"मला काय त्याचं," ती म्हणाली आणि माशाचे खवले इतक्या जोराने काढू लागली की ते खांबांपर्यंत उडाले. येत्या पाळीला मोठं डोकं पाठवायचं, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

पावसाळी दिवस होते. एका सकाळी, अजून झुंजुमुंजू व्हायचं होतं, तेव्हा कुत्री भुंकली आणि मग एकदम गप्प झाली, ओळखीचं माणूस आल्यावर होतात तशी. फुआतिनो चूल पेटवायला उठली होती. तिने हातातला दिवा खाली ठेवला.

थडग्यापलीकडे एकच आकार वाकलेला होता. मागे मताई नव्हते, रूटा नव्हती. बारीक विणीची ती जुनी चटई रिवाजाप्रमाणे फुआतिनोच्याच पेटीत होती. ही अंथरायची साधी चटई होती, कडा उसवलेली, आणि ती त्याला पुरत नव्हती. एक खांदा उघडा पडला होता. त्यावर भुरभुर पडत होती.

"कोण आहे?" मारेकोने अंथरुणातून विचारलं.

"पाळक."

तो कोपरावर उठला. "माझ्यासाठी पुन्हा कशाला?"

"तुझ्यासाठी नाही. सेफासाठी."

 मारेको कुबड्या चाचपू लागला, त्यात एक खाली पडली. फुआतिनोने ती उचलून दिली. तो घराच्या काठापर्यंत आला, खांबाला पाठ लावून खाली बसला आणि प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे सरळ ठेवला. शेजारच्या घरात दिवा लागला. कुणीतरी कुणालातरी हाक मारून उठवलं.

"ताई, जाऊन उचलतेस का?" त्याने विचारलं.

इतकी वर्षं ती ज्या उत्तराची तयारी करत आली होती ते ओठांवर आलं. तिने ते तसंच धरून ठेवलं.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "जोडीदार तू आहेस."

मारेकोने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग परत अंगणाकडे. तिथे तो खूप वेळ बघत राहिला. सकाळ राखाडी होत गेली, थडग्यावरचा अर्धवट राहिलेला रंग दिसू लागला, रस्त्यावर पहिली माणसं येऊन थबकली. चटईखालची पाठ हलली नाही.

"कोको झालाय का?" शेवटी तो म्हणाला.

"होतोय. किती कप ओतू?"

त्याने अंगणातल्या चटईकडे बघत पाय जरा चोळला.

"आत्ता दोनच," मारेको म्हणाला.